समोरच्या टोकाचा लेगस्पिनर

मिलिंद,

परवा तू गेल्यानंतरच्या तुझ्या पुण्यानुमोदनाला मला बोलायला उभं केलं आणि मी तुझी लाज घालवली. बावड्यात तुझ्या दारापुढं मांडव पडला होता. वंदना झाली, फोटोपुढं मेणबत्त्या लागल्या, मग एकेक जण उठून तुझ्याबद्दल बोलू लागला. भावकीतले बोलले, कंपनीतले बोलले, तुझ्या भाच्याने तर डोळे पुसत पुसत बराच वेळ घेतला. सगळ्यांच्या बोलण्यातून जो माणूस तयार झाला तो शांत होता, मितभाषी होता आणि त्याने जन्मात कुणाशी वाद घातला नव्हता. मी पुन्हा पुन्हा तुझ्या फोटोकडं बघत होतो. म्हटलं, आपण चुकून दुसऱ्याच कुणाच्या मांडवात तर शिरलो नाही ना.

मग माझं नाव पुकारलं. 'मिलिंदरावांचे जिवलग मित्र दत्तात्रयराव' असं. कऱ्हाटीहून निघाल्यापासून काय बोलायचं ते मी मनात जुळवत आलो होतो. माईक हातात घेतला आणि तोंडातून निघालं ते एवढंच, "मी ऑफस्पिन टाकायचो." पुढचं वाक्य काही केल्या येईना. लोक वाट बघत राहिले. शेवटी तात्या उठले आणि त्यांनी खांद्याला धरून मला खाली बसवलं. आपल्या कंपनीच्या टीमचे कॅप्टन आणि कीपर, आता गुडघे गेलेत, काठी घेऊन चालतात, तरी एवढ्या लांब आले होते. त्यांनी कानाशी येऊन विचारलं, पाणी पाहिजे का. मी नको म्हणालो.

तिथं राहिलेलं इथं लिहितोय. तुला हे आवडणार नाही हे मला माहीत आहे. मी लिहितो तेही बॉलिंगसारखंच, एका जागी टिच्चून, आणि तुला त्याचा कायम कंटाळा. माझं बोलणं मध्येच तोडायची तुझी सवय होती. आता तू तोडू शकत नाहीस, मी पाहिजे तेवढं बोलू शकतो, आणि खरं सांगायचं तर मला तेच सहन होत नाही.

तुला पहिल्यांदा पाहिलं ते एमआयडीसीत, आपल्या दुधाच्या कंपनीच्या मागच्या मैदानावर. मी नुकताच पॅकिंगला लागलो होतो. तू लॅबमध्ये होतास, पांढरा कोट घालून दुधातलं फॅट मोजणारा. शिफ्ट सुटल्यावर तात्या नव्या माणसांना बॉल टाकायला लावत होते. मी माझा आखूड स्टार्ट घेऊन ऑफस्पिन टाकले, सगळे एका जागेवर. तात्यांनी मान हलवली. मग तू आलास. तुझा पहिला बॉल तात्यांच्या डोक्यावरून गेला. दुसरा घरंगळत गेला. मी तोंड फिरवून हसलो. तिसरा लेगस्टंपच्या बाहेर पडला, बॅट्समन पुढं आला होता तो तसाच पाय टाकून उभा राहिला, आणि त्याच्या मागं ऑफस्टंप आडवा झालेला. तुझ्या चेहऱ्यावर नवल नव्हतं. आधीचे दोन बॉल ज्या कुणी टाकले असतील त्याच्याशी आपला काही संबंध नाही, असा तुझा आव होता.

तेव्हापासून आपण एका टीममध्ये, दोन टोकांना. बारामतीपासून इंदापूरपर्यंत जिथं म्हणून टुर्नामेंट लागेल तिथं मोटरसायकलवर जायचं. मी पुढं, तू मागं, मध्ये किटची बॅग. जाताना तू गप्प असायचास. येताना वाद. वाद एकच, की दोघांत बॉलर कोण.

माझं म्हणणं साधं होतं. स्पिनरची पारख त्याच्या विकेटींवरून करायची नाही, त्याला मारणं किती जड जातं यावरून करायची. तू म्हणायचास, औट करायला बॉलर असतो, रन वाचवायला फिल्डर ठेवलेत की. मग मी म्हणायचो, अरे माझ्या टोकाकडून रन निघत नाहीत म्हणून माणूस कावतो, तुझ्या टोकाला आला की तुझ्यावर तुटून पडतो आणि जातो. विकेट तुझ्या नावावर लागते, राबतो मी. तू मागं बसून हसायचास. मोटरसायकलवर मागच्या माणसाचं हसणं पाठीला कळतं. आवाज करायची गरज नसते.

आणि ती मॅट. आपल्याकडं तेव्हा सगळा खेळ काथ्याच्या मॅटवर चालायचा, कडेनं खिळे ठोकून ताणलेल्या. घट्ट ताणली की बॉल झटकन सरळ येतो, जराशी सैल राहिली की पकडतो आणि वळतो. मॅचच्या दिवशी सकाळी तू सगळ्यांच्या आधी मैदानात हजर असायचास. तुझा टप्पा जिथं पडायचा तिथले खिळे हळूच उचकटून सैल करायचास. मी तुझ्या मागोमाग दुसऱ्या बाजूला जाऊन माझे ठोकून घट्ट करायचो. तात्या दोघांनाही शिव्या घालायचे, म्हणायचे ह्यांनी पिच न्हाय, बाज विणायला घेतलीय. पुढं तू विकेट काढलीस की मी म्हणायचो, मॅटनं काढली. मी मेडन टाकली की तू म्हणायचास, खिळ्यानं टाकली. समोरच्या टीमला वाटायचं या दोघांचं पटत नाही. मग आपण त्यांना गुंडाळून टाकायचो.

इंदापूरच्या त्या फायनलचं तुला आठवत असेल. म्हणजे तुला ती आठवायचीच, तू ती प्रत्येक पाहुण्याला सांगायचास, मी नसलेली. त्यांना फार रन नको होते आणि तो दांडगा डावखुरा टिकला होता. मी एका बाजूनं त्याला असा बांधून ठेवला की प्रेक्षक मला ओरडायला लागले, खेळू तर दे म्हणून. त्याचा चेहरा लालबुंद झालेला मला जवळून दिसत होता. ओव्हरच्या शेवटच्या बॉलला त्याला कसाबसा एक रन मिळाला, तो तुझ्या टोकाला आला, पहिल्याच बॉलला चाल करून पुढं धावला आणि तात्यांनी त्याला स्टंप केलं. त्यानंतर लाईनच लागली. तू हवेत टाकत होतास आणि ते येत होते, जात होते. शेवटी तुला खांद्यावर घेतलं, गुलाल उडाला, तुझ्या गळ्यात हार पडले. मी किटची बॅग भरत होतो.

परत येताना निमगाव केतकी मागं पडलं तरी तू काही बोलला नाहीस. मी वाट बघत होतो. मला हार नको होता, नाव नको होतं. तुझ्या तोंडून एकदा ऐकायचं होतं की माझ्या टोकाशिवाय तुझ्या विकेटी नव्हत्या. बऱ्याच वेळानं तू मागून म्हणालास, "दत्ता, आज तू बी बरा टाकलास."

बरा. आजारी माणसाला विचारतात ना, आता बरं हाय का, तसा बरा. मी रागानं गाडी अशी हाणली की तू माझा शर्ट धरलास. तो एक शब्द मी पुढं तीस वर्षं चघळला. तुला ते माहीत होतं. माहीत असूनच तू तो बदलला नाहीस.

लग्नं झाली, लेकरं झाली, खेळ थंडीतल्या एखाददुसऱ्या मॅचपुरता उरला. वाद मात्र टीव्हीपुढं सरकला. कुठल्या देशाचा का असेना, स्पिनर बॉलिंगला आला की आपल्याला आपली बाजू सापडायची. मनगटानं वळवणारा तुझा, बोटानं वळवणारा माझा. एखाद्याची कारकीर्द किती लांबली हे मी सांगायला लागलो की तू म्हणायचास, लांब तर पाटाचं पाणीबी जातं, शेवटच्या शेतात किती पोचतं ते बघ. मी विचारायचो, तुझ्या माणसानं घरच्या वळणाऱ्या पिचवर काढलेल्या विकेटी बाजूला काढ, मग बाहेरच्या देशात त्याचं काय उरतं ते सांग. तू विचारायचास, तुझ्या माणसानं मॅच कधी जिंकून दिलीय, नुसती लांबवलीय. मी म्हणायचो, हरायची मॅच लांबवणं हीपण एक कला आहे. आपण त्या मोठ्या माणसांबद्दल बोलत नव्हतो हे तुझ्या बायकोला, सुजातावहिनींना, पहिल्यापासून कळलं होतं. त्या म्हणायच्या, निकाल लागला की तलाठी येऊन या दोघांच्या सातबाऱ्यावर नोंद करणार असंच वाटतं यांना.

वीस ओव्हरचा खेळ आला तेव्हा मला वाटलं आता तुझी जात संपली. झालं उलटंच. सगळे लेगस्पिनरला शोधायला लागले. तू मुद्दाम कऱ्हाटीला फोन करून विचारायचास, दत्तोबा, मॅच लावलीय का, कोण चालतंय बघ. मी म्हणायचो, नीट बघ, ते लेगस्पिन टाकतात पण टाकतात माझ्यासारखं, सपाट, जोरात, स्टंपात. हवेत देण्याची तुझी हिंमत त्यांच्यात नाही. बोलून गेल्यावर माझ्या लक्षात आलं की मी तुझं कौतुक केलं. तुझ्याही लक्षात आलं, कारण तू लगेच विषय बदलून उसाला पाणी कधी आहे ते विचारलंस.

मग तो हिवाळा आला. कंपनीत दरवर्षीसारखी जुन्यांची मॅच होती. तू गुगली टाकायला गेलास आणि बॉल हातातून सुटून पायाशी पडला. सगळे हसले, तूही हसलास. पुढचा बॉल वळलाच नाही. त्याच्या पुढचाही नाही. तू खाली वाकून मॅट चाचपलीस आणि म्हणालास, कुणीतरी फार ताणलीय. मला ते लगेच पटलं. त्या मैदानावर वळत नसेल तर मॅटच दोषी असणार, हे आपण दोघांनी आयुष्यभर एकमेकांना शिकवलं होतं.

पुढच्या मॅचला आपण दोघं पहाटेच गेलो. तू सांगशील तिथले खिळे मी सैल केले. तरी वळेना. तू ग्राउंडवाल्या पोरांवर उखडलास. मग आपण ठरवलं की काथ्याच जुना झालाय, आणि इंदापूरहून दुसरी मॅट आणली, टेम्पोत टाकून, तात्यांचा ओरडा खाऊन. तिच्यावरही तुझा बॉल सरळच गेला. एवढ्या सरळ बॉलवर कुणी औट होत नाही, तसं कुणी झालं नाही. तू मला म्हणालास, हिलाबी जरा सवय व्हायला पायजे. मी हो म्हणालो. अख्खा हिवाळा आपण मॅटच दुरुस्त करत होतो, मिलिंद. तुझा हात निकामी होत चालला होता आणि आपण खिळे काढत होतो, ठोकत होतो. दुसऱ्या कुठल्याही माणसाचा बॉल हातातून पडला असता तर त्याच्या घरच्यांनी त्याला डॉक्टरकडं नेलं असतं.

मग लॅबमध्ये तुझ्या हातून काचेच्या नळ्या पडायला लागल्या. शर्टाचं वरचं बटण लागेना. गाडीची किल्ली फिरेना. तुला पुण्याला नेलं. डॉक्टरांनी आजाराचं इंग्रजी नाव सांगितलं, ते मला अजून नीट म्हणता येत नाही. वहिनींनी मला सोप्या भाषेत सांगितलं की डोक्यानं दिलेला निरोप नसा पुढं नेत नाहीत, एकेक अवयव काम सोडणार, हात, मग पाय, मग जीभ, मग घसा. डोकं मात्र शेवटपर्यंत साफ राहणार. त्यांनी विचारलं होतं की औषध काय. थांबवणारं औषध नाही, असं उत्तर मिळालं.

मला आयुष्यात एकच काम नीट येतं. एक टोक धरून ठेवायचं, रन द्यायचे नाहीत, आणि भरवसा ठेवायचा की समोरच्या टोकाकडून काहीतरी घडेल. मी दर रविवारी बावड्याला येऊन ते टोक धरून बसलो. तुझ्या कॉटजवळची ती प्लास्टिकची खुर्ची माझी झाली. मी मॅच लावायचो, उशी सारखी करायचो, तुझ्या हाताची बोटं एकेक करून चोळायचो, कारण फिजिओनं सांगितलं होतं. ज्या बोटानं तू बॉलला तो झटका द्यायचास ते माझ्या हातात मऊ कापडासारखं पडून असायचं. चोळताना मी मनात म्हणायचो, हल. ते हललं नाही. समोरच्या टोकाकडून काही म्हणजे काही घडलं नाही.

तरी तेव्हा जीभ होती. जड झाली होती, पण वाद घालण्यापुरती होती. तू माझ्या ऑफस्पिनरना नावं ठेवायचास आणि मी घरी जाताना निम्मा हलका व्हायचो. तुझ्या तोंडून निघालेली निंदा ऐकली की मला वाटायचं, अजून वेळ आहे.

मग तो रविवार. टीव्हीवर कुणी ऑफस्पिनर टाकत होता, बिनविकेटीचा, पण त्याला कुणी हलवू शकत नव्हतं. मी तुझ्या टोमण्याची वाट बघत होतो. तू बराच वेळ स्क्रीनकडं पाहत राहिलास आणि एकेक शब्द ओढत म्हणालास, "दत्ता, तूच भारी व्हतास. माझ्या विकेटी तुझ्याच व्हत्या."

तीस वर्षं ज्याची वाट बघितली ते वाक्य. माझ्या अंगावर काटा आला, आणि तो आनंदाचा नव्हता. मला कळलं की तू आवरायला घेतलंयस. मी म्हणालो, "गप बस. कायबी बोलू नको." आणि मग मी तुझी बाजू घेऊन तुझ्याशी भांडायला लागलो. त्या डावखुऱ्याला काढलेला बॉल, बारामतीच्या मैदानावर ती उजव्या हाताच्या ओपनरच्या पायामागून वळलेली लेगस्पिन, भिगवणच्या टीमला दाखवलेली गुगली, सगळं सांगत सुटलो. म्हणालो की असले बॉल माझ्या हातून सात जन्मात पडले नसते, मी नुसता वेळ काढणारा माणूस. तू मान हलवून नाही नाही करत होतास. तुला राग आला होता, कारण बोलायला वेळ लागत होता आणि मी थांबत नव्हतो. वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, काय झालं म्हणून. मी सांगितलं की हा मला मोठा म्हणतोय. त्या आधी हसल्या. मग आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

त्याच महिन्यात तू तुझं घड्याळ भाच्याला दिलंस. मोटरसायकल मेव्हण्याला नेऊ दिलीस. कोट, बूट, टोपी, ज्याचं त्याला वाटून टाकलंस. म्हणून मला तो किडा लागला. ते वाक्य तू खरं म्हणालास, की घड्याळासारखं मला देऊन टाकलंस? तुला खरंच तसं वाटत होतं, की दत्त्याला हे पाहिजे होतं तर जाताना देऊन जाऊ, असं होतं? खरं असेल तर माझी तीस वर्षं सार्थकी लागली. दया असेल तर मला ते नको होतं, त्यापेक्षा तो 'बरा'च चालला असता. तो निदान तुझा होता.

पुढच्या रविवारी मी विचारलं, "खरं सांग मिल्या, परवा म्हणालास ते मनापासून व्हतं का?" तू माझ्याकडं बघितलंस आणि हसलास. चांगला खदाखदा हसलास, थांबेनास. पण डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की या आजारात हसणं-रडणं माणसाच्या ताब्यात राहत नाही, कशावरही फुटतं. म्हणजे तू मला हसलास की आजार हसला, हेही मला कळायला मार्ग नव्हता. मीही तुझ्याबरोबर हसलो, दुसरं काय करणार.

नंतर जीभ गेली. घसा गेला, नाकातून नळी आली. वहिनींनी तुझ्याशी बोलायची एक रीत बसवली. त्या मुळाक्षरांच्या ओळी म्हणायच्या, क-ची ओळ, च-ची ओळ, आणि पाहिजे ती ओळ आली की तू पापण्या मिटायचास. मग त्या ओळीतलं अक्षर, मग त्याची मात्रा. एक शब्द व्हायला चहा निवण्याइतका वेळ लागायचा. त्यात तू सांगायचास ते पंखा, पाठ, मच्छर, असलंच. गुगली टाकणारा माणूस एका मच्छरासाठी एवढा वेळ पापण्या हलवत होता आणि मी खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसलो होतो. असल्या पापण्या मी माझ्या प्रश्नावर खर्च करायला लावू का? नाही लावल्या. प्रश्न मात्र दर रविवारी माझ्यासोबत यायचा आणि माझ्यासोबत परत कऱ्हाटीला जायचा.

एक गोष्ट तुला माहीत नाही असं मी समजत होतो. तुला नळीनं पाजायला लागल्यापासून त्या घरात कुणी तुझ्यादेखत जेवत नव्हतं. मागच्या खोलीत, भांड्याचा आवाज न करता, पटकन उरकायचे. मीही वहिनींना सांगायचो की येताना इंदापुरात खाऊन आलोय. खाल्लेलं नसायचं. तुझ्यासमोर घास तोंडात घालायची माझी हिंमत नव्हती, आणि उठून मागच्या खोलीत जाणं त्याहून वाईट वाटायचं. म्हणून मी उपाशीच यायचो आणि उपाशीच जायचो.

आपला शेवटचा रविवार. टेस्ट मॅच लागली होती, आवाज बंद होता. दोन्ही बाजूंनी स्पिनर लागले होते, एक तुझा, एक माझा. ओव्हरमागून ओव्हर जात होती. तू टीव्हीवरून नजर काढलीस, माझ्याकडं बघितलंस, मग वहिनींकडं, मग परत माझ्याकडं. वहिनी म्हणाल्या, "त्यांना तुमाला कायतरी सांगायचंय, दत्ताभाऊ."

मी खुर्ची पुढं ओढली. वहिनी ओळी म्हणायला लागल्या. तू च-च्या ओळीला पापण्या मिटल्यास. त्यातल्या ज-ला मिटल्यास. मात्रा म्हणता म्हणता एका मात्रेवर मिटल्यास, जे झालं. माझ्या मनात 'जे तुला म्हणालो ते खरंच होतं' अशी वाक्यं आपोआप जुळायला लागली. पुढचं अक्षर लागायला फार वेळ गेला. तू दमलास, डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी आलं, वहिनींनी ते पदरानं टिपलं आणि परत पहिल्या ओळीपासून सुरू केलं. मला म्हणावंसं वाटत होतं, राहू दे. आणि मला ते ऐकायचंही होतं. व आला, त्याचा वू झाला. न आला. वहिनी थांबल्या. त्यांनी तुझ्याकडं बघून विचारलं, "जेवून जा म्हणताय व्हय?"

तू पापण्या मिटल्यास.

वहिनी आत गेल्या. भाकरी थापल्याचा आवाज आला. मी उठून आत जायला लागलो तर तू डोळे मोठे केलेस. मी खुर्चीकडं बोट केलं, इथं? तू मिटल्यास. वहिनींनी ताट आणून माझ्या मांडीवर दिलं, गरम भाकरी, शेंगदाण्याचं कालवण, कांदा. त्या दाराला टेकून उभ्या राहिल्या. त्या खोलीत कित्येक महिन्यांनी जेवणाचा वास आला होता आणि तू तो घेत होतास, हे मला तुझ्या नाकपुड्यांवरून दिसत होतं.

मी पहिला घास घेतला. तू माझ्या तोंडाकडं बघत होतास. मी दुसरा घेतला, तिसरा घेतला. प्रत्येक घासाला तुझी नजर ताटातून माझ्या तोंडापर्यंत यायची आणि परत जायची. भाकरी संपली. तू ताटाकडं बघितलंस, मग वहिनींकडं बघितलंस. तुझ्या घशाखाली पाण्याचा थेंब उतरत नव्हता, आणि मी तुझ्यासमोर बसून दुसरी भाकरी मागून घेतली.